चाळिशी आणि नेत्रव्यायाम

चाळिशीनंतर जवळची अक्षरे अंधुक दिसतात, ती नेत्रातील भिंगाची लवचीकता घटल्यामुळे. व्यायामाने ती परत येत नाही. तरीही ‘चष्मा घालवा’ अशा पाट्या आपल्याच काही चिकित्सालयांत व औषधालयांत झळकतात, याचा आम्हांस खेद वाटतो. मात्र दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर नीट एकवटत नसतील, तर व्यायामाने लाभ होतो. २००८ साली अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत घरच्या घरी पेन्सिल नाकाजवळ आणण्याच्या सरावापेक्षा तज्ज्ञाच्या देखरेखीखालील व्यायाम अधिक गुणकारी ठरले. म्हणून आधी नेत्रपरीक्षा, मग उपचार. ७६ नेत्ररोग पृथक् वर्णिणाऱ्या सुश्रुताचे वारस म्हणविणाऱ्या आपण सर्व रुग्णांस एकच व्यायाम सांगावा, हे शोभत नाही.