पोट भरलं म्हणजे झालं?

परवा एका पालकसभेत व्याख्याते ठासून सांगत होते : बाळाचं पोट भरलेलं आहे, दुपटं कोरडं आहे, तर रडू द्या; उचललंत की लाडावतं. आणि मेंदूचं म्हणाल तर तो जनुकं घडवतात, तुम्ही नाही. पुढच्या रांगेतली एक आई मांडीवरचं बाळ थोपटत होती. हे ऐकून तिचा हात थांबला. म्हणून लिहायला बसलो.

दूध देईल त्याचा लळा, हा समज हॅरी हार्लो यांनी १९५८ सालीच विस्कॉन्सिनमध्ये मोडीत काढला. जन्मानंतर काही तासांत आईपासून तोडलेल्या ऱ्हीसस माकडांच्या पिलांपुढे त्यांनी दोन बनावट आया ठेवल्या. एक उघड्या तारेची, दुसरी टॉवेलच्या कापडात गुंडाळलेली. बाटली तारेच्या आईला असली, तरी पिल्लं दिवसाचा बहुतेक वेळ कापडाला बिलगून. त्यातलं एक छायाचित्र मला विसरता येत नाही : पिलाचे पाय कापडात घट्ट रुतलेले आणि मान लांबवून तारेकडची बाटली चोखणं चाललेलं. भुकेपोटीही त्याला ते कापड सोडवत नाही! पण कापडही पुरलं नाही. कापड उलटून कुशीत घेत नाही. सोबत्यांवाचून वाढलेली ती पिल्लं पुढे डोलत बसली, स्वतःलाच चावू लागली; त्यांतल्या कित्येक माद्यांनी आपल्याच पिलांना झिडकारलं, चिरडलं.

हे प्रयोग निर्दय होते, यावर मी पूर्वीही भांडलो आहे. ऱ्हीसस आपल्या रानातलं माकड. त्याची निर्यात भारताने थांबवली ती १९७८ साली. पण इतक्या यातनांतून कळलेलं तरी विसरू नये.

जनुकंच सारं ठरवत असती, तर एकाच जातीची पिल्लं इतकी वेगळी निपजली नसती. ‘माकड वेगळं, माणूस वेगळा’? वेगळाच. माकडाचा मेंदू जन्मतःच निम्म्याहून अधिक वाढलेला असतो, आपल्या बाळाचा जेमतेम तिसरा हिस्सा. उरलेला वाढतो तो कुणाच्या तरी मांडीवर. बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास २००० नंतर झाला. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं, ती अधिक सावरली.

माझं मागणं थोडकं आहे. रडणाऱ्या बाळाला कुणीतरी ओ द्यावी. आईनेच असं नाही, आजी, बाबा, पाळणाघरातली ताई, पण रोजचं ओळखीचं माणूस हवं. सहा महिने एकटी कोंडलेली माकडंही पुढे बरीचशी सावरली, ती तीन महिन्यांच्या पिलांच्या संगतीत. ती चिमुरडी पिल्लं कोपऱ्यात डोलत बसलेल्याजवळ जायची आणि त्याला मिठी मारायची.