छप्पर कोणाचे?

१ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारची ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना भिवंडीतून सुरू झाली. तिच्यात छोट्या यंत्रमागधारकांना सौर पॅनेलसाठी अनुदान होते. हिशेब करून पाहा. साध्या मागाला साधारण १ अश्वशक्तीची मोटर लागते, म्हणजे पाऊण किलोवॉट. ८ माग दोन्ही पाळ्यांत, चोवीस तास पूर्ण भाराने चालले तर १४० युनिटांच्या पुढे वीज जाते. ८ किलोवॉटची पॅनेल दिवसाला सरासरी ३०-३२ युनिट देतात. जुलैत तेवढीही नाहीत.

पण खरी अडचण गणितात नाहीच. भिवंडीत सूत व्यापाऱ्याचे, माग मजुरीवर विणून देणाऱ्याचा आणि गाळा पुष्कळदा तिसऱ्याच कोणाचा. पंचवीस वर्षे टिकणारे पॅनेल अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने कोणाच्या पत्र्यावर चढवायचे?

तंत्राबाहेरची अशीच अडचण दुसरीकडेही आली आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी गोड ज्वारीच्या रसापासून सौरऊर्जेवर अल्कोहोल काढले, त्यावर चालणारे कंदील आणि शेगड्या घडवल्या. तंत्र जमले, स्वयंपाकघराच्या दारात अबकारी कायदा आडवा आला. असले निष्कर्ष आपल्याकडच्या प्रकल्प अहवालांत शेवटी ‘इतर अडचणी’ या मथळ्याखाली उरकले जातात. आमच्या मते ते पहिल्या पानावर हवेत. (तक्ते परिशिष्टात गेले तरी चालतील, तसेही ते फार कोणी वाचत नाही.)

म्हणून या अंकासाठी आम्ही अभियंत्यांच्या आधी गाळेमालकांना गाठले.