मेंदूतील गाठ आणि अडीच मिनिटांचा निकाल

घनसावंगी किंवा मंठ्याच्या एखाद्या घरात कर्त्या माणसाला अचानक फिट येते, ‘एमआरआय’ काढला जातो आणि मेंदूत गाठ दिसते. मग त्या कुटुंबाची वाट जालन्याहून छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’कडे किंवा थेट मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे वळते. शेत, दागिने, पाहुण्यांकडची उसनवारी, सारे पणाला लागते. गाठ नेमकी कसली, याचे पक्के उत्तर मात्र बहुधा तिचा तुकडा तपासल्यावरच मिळते.

हे उत्तर शस्त्रक्रिया चालू असतानाच हवे असते. गाठ लिम्फोमाची असेल तर मुख्य उपचार औषधांचा असतो. ती सगळी काढण्याचा अट्टहास करायचा नसतो. ग्लायोमा असेल तर धोका न पत्करता निघेल तेवढी काढणे हिताचे. म्हणून तुकडा गोठवून, त्याचे पातळ काप करून, रंगवून तपासतात. यात वीस ते तीस मिनिटे जातात. तोवर रुग्ण भुलीखाली आणि सर्जन खोळंबलेले!

यावर निघालेल्या तोडग्याचे मूळ भारतात आहे. प्रकाश रेणूंवरून विखुरताना त्यातल्या अल्पशा भागाचा रंग बदलतो, हे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात दाखवले. याच तत्त्वावर लेसरच्या साहाय्याने ताज्या तुकड्यातील चरबी आणि प्रथिने वेगवेगळी टिपता येतात. गोठवणे नाही, रंगवणे नाही. अमेरिकेत २७८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात संगणकाने अशा चित्रांवरून अडीच मिनिटांच्या आत निदान केले. ते ९४.६ टक्के अचूक होते. नेहमीच्या पद्धतीने तज्ज्ञांनी केलेले ९३.९ टक्के.

मला या आकड्यांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. यंत्र जिथे चुकले तिथे माणसे चुकली नाहीत आणि माणसे चुकली तिथे यंत्र चुकले नाही. म्हणजे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसून सोबती आहेत. तज्ज्ञ कमी असलेल्या मराठवाड्यासारख्या भागाला असा सोबती सर्वांत अधिक उपयोगाचा. पण महागडे यंत्र सर्वांत उशिरा पोहोचते तेही इथेच.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे काय? मुळीच नाही. दोन काचपट्ट्यांमध्ये तुकडा दाबून, रंगवून काही मिनिटांत पाहण्याची जुनी, स्वस्त पद्धत आपल्या देशात रुळलेली आहे. तिला यंत्र फारसे लागत नाही, जाणता डोळा लागतो. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे इमारतीइतकीच चिंता विकृतिशास्त्राच्या जागा भरण्याची आणि त्या भरलेल्या ठेवण्याची व्हायला हवी. उद्या यंत्र आले, तरी त्याचा निकाल पारखणारा माणूस आधी हवा.

आणि अशी वेळ ज्या घरावर येईल, त्यांनी शस्त्रक्रियेआधी न संकोचता एक प्रश्न जरूर विचारावा : ‘डॉक्टरसाहेब, तुकडा लगेच तपासणारे तज्ज्ञ त्या वेळी हजर असतील ना?’