मागावरून मालमोटारीवर

वाराणसीच्या मदनपुरा, अलईपुरा, लोहता या वस्त्यांतील विणकर माग सोडू लागला, त्याला बराच काळ लोटला. यंत्रमागाची स्पर्धा, महागलेला रेशीमधागा, गद्दीदाराकडून मिळणारी तुटपुंजी मजुरी आणि २०२० च्या टाळेबंदीत थंडावलेले माग यांनी त्याला सुरतेच्या कारखान्याकडे, बांधकामाकडे, रिक्षाकडे ढकलले. शहरालगत दिल्ली-कोलकाता हमरस्ता आहे. अशा वेळी मालमोटारीचा परवाना काढून पोट भरावे, असे विणकराच्या मुलास वाटले तर त्यात नवल ते काय? राज्यकर्ते या स्थित्यंतरास ‘कौशल्य विकास’ म्हणतात. श्रमिक चळवळीने त्याकडे कसे पाहावे, हा खरा प्रश्न आहे.

काही साथी म्हणतात, चळवळीने हातमाग वाचवावा. विणकरास रस्त्यावर लोटण्यास हातभार लावू नये. या भूमिकेत कळकळ आहे, परंतु वास्तवाचे भान नाही. बनारसी वस्त्रांस २००९ साली भौगोलिक मानांकन लाभले. २०१७ साली बडा लालपूर येथे भव्य हस्तकला संकुलाचे उद्घाटन झाले. वस्त्राची प्रतिष्ठा वाढली. विणणाऱ्याची मजुरी मात्र मागेच राहिली. वारशाच्या नावाखाली कोणा तरुणास मागाच्या खड्ड्यात जखडून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तथापि, परवाना म्हणजे मुक्ती, हा प्रचारही तितकाच फसवा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहतुकीच्या वाहनाचा शिकाऊ परवाना मिळविण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो. त्याखेरीज वैद्यकीय दाखला आणि चालक-शाळेचे प्रमाणपत्र हवे. २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त केंद्रातील जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा असून तो सहा आठवडे चालतो. ही फी कोण भरतो? त्या काळात घरची चूल कशी पेटते? शिक्षणाचा सारा भार शिकणाऱ्यावर आणि तयार चालकाचा लाभ मालकास, असा हा व्यवहार आहे.

२०१९ साली केंद्र सरकारने आठवी उत्तीर्णतेची अट रद्द केली. वाहतूक क्षेत्रात सुमारे २२ लाख चालकांची उणीव असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. परंतु ही उणीव माणसांची नव्हे, माणसासारख्या सेवाशर्तींची आहे. विणकरास साडीमागे मजुरी मिळे, चालकास बहुधा फेरीमागे मिळते. दोन्हीकडे नगावर मजुरी तीच, आणि मार्क्सने दाखविल्याप्रमाणे या पद्धतीत मजूर स्वतःच स्वतःचा मुकादम बनतो. आठ तासांच्या दिवसाची तरतूद करणारा १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाच वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरता होता. एकदोन गाड्यांच्या मालकाकडील चालक त्याच्या छत्राबाहेरच राहिला. पुढे हा कायदा २०२० च्या संहितेत विलीन करण्यात आला.

संघटित शक्तीचा धडाही याच क्षेत्राने दिला आहे. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैद सुचविणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) विरुद्ध जानेवारी २०२४ च्या प्रारंभी चालकांनी चाके थांबविली. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली, तेव्हा ते उपकलम वगळण्यात आले.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: माग सोडणाऱ्या विणकराचे प्रशिक्षण सरकार व वाहतूक मालक यांच्या खर्चाने व्हावे, त्या काळात निर्वाहभत्ता मिळावा, आणि फेरीऐवजी मासिक वेतन ठरावे. कामगार संघटनेने चालकाची वाट अपघातानंतर पोलीस ठाण्यात पाहू नये. तिने त्यास शिकाऊ परवान्याच्या दिवशीच गाठावे. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवरील अनेक मोमीन कुटुंबांचे पूर्वज उत्तर प्रदेशातूनच आले. वाराणसीचा हा प्रश्न महाराष्ट्रातील साथींना परका वाटण्याचे कारण नाही.