सोमवार-गुरुवारची गोळी



आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही, पण कित्येकींच्या स्वयंपाकघरात तो लपून बसलेला आहे. माझ्याकडे तो साबुदाण्याच्या डब्यामागे आहे. तुमच्याकडे कदाचित साडीच्या घडीत असेल, नाहीतर शिवणाच्या पेटीत. पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट!

धाकटी दोन वर्षांची झाली, तिचं दूध तुटलं, तेव्हा मी माला-एन सुरू केली. यवतमाळला आमच्या वस्तीत आशाताई येतात, त्यांनीच पाकीट हातात ठेवलं. त्यात २८ गोळ्या. २१ पांढऱ्या, त्यात औषध. उरलेल्या ७ रंगीत, त्या नुसत्या लोहाच्या. पुष्कळजणी या सात फेकून देतात आणि मग नवं पाकीट कधी सुरू करायचं याचा घोळ होतो. फेकू नका. एक तर आपल्या अंगात रक्त कमीच असतं, आणि रोज गोळी घ्यायची सवयही मोडत नाही.

पहिले दोन महिने मला काय झालं ते सांगते, कारण हे आधी कुणी मला सांगितलं नव्हतं. सकाळी सातवीच्या वर्गावर फळ्याकडे पाठ करून उभी राहिले की पोटात ढवळायचं. छाती जड, दुखरी. मधेच एखादा लाल डाग. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अवो मास्तरीणबाई, गोळीनं उष्णता होते, सोडून द्या.” जाऊबाई म्हणाल्या, “होईल सवय, आम्हाला नाही झाली का?” मी जाऊबाईंचं ऐकलं. गोळी सकाळच्या चहाऐवजी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला लागले, आणि मळमळ निम्म्यावर आली. तिसऱ्या महिन्यात डागही थांबले. बहुतेकींचं असंच होतं. शरीराला दोन-तीन महिने द्यावे लागतात. मधेच आठ दिवस घेतली, आठ दिवस सोडली, असं केलं तर त्रास संपत नाही आणि दिवस राहायची भीती मात्र वाढते.

पण जाऊबाईंचं ऐकण्यात माझी एक चूक झाली. ‘सवय होईल’ या एका पोत्यात मी सगळीच दुखणी भरली. अधूनमधून डोकं दुखायचं, तेही त्यातच टाकलं. पित्त असेल, खडूची धूळ असेल, पेपर तपासून डोळे शिणले असतील! तपासणीला गेले होते ती दुसऱ्याच कामासाठी, धाकटीच्या खोकल्याला. निघता निघता सहज म्हटलं, “डॉक्टर, माझंही डोकं फार दुखतं हो.” त्या बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. “दुखण्याआधी डोळ्यांपुढे काही चमकतं का?”

चमकत होतं. विजेसारखी एक नागमोडी रेघ, पंधरा-वीस मिनिटं. पुस्तकातली अर्धी ओळ दिसेनाशी व्हायची. मला तो चष्म्याचा दोष वाटला होता.

“मग ही गोळी आजपासून बंद,” त्या म्हणाल्या. माला-एनसारख्या गोळीत इस्ट्रोजेन असतं आणि त्याने रक्त गोठायची प्रवृत्ती थोडी वाढते. पुष्कळ बायकांना त्याने काही होत नाही. पण अशी रेघ दिसून उठणारी अर्धशिशी असेल तर पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून अशा बाईने ही गोळी घ्यायचीच नाही. मी खुर्चीत बसूनच राहिले. मळमळीबद्दल मी दहाजणींशी बोलले होते. या रेघेबद्दल एकीशीही नाही.

त्यांनी मला ‘छाया’ लिहून दिली. हिच्यात इस्ट्रोजेन नाही, की दुसरं कुठलंही संप्रेरक नाही. गोळी आपल्याच देशातली, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली. १९९१ साली ‘सहेली’ या नावाने बाजारात आली, आणि २०१६ पासून ‘छाया’ म्हणून सरकारी कार्यक्रमात आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरुवात करायची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. माझी पाळी सोमवारी आली, म्हणून माझे वार ठरले सोमवार आणि गुरुवार. दोन्ही उपासाचे! मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी बारीक टिंब करायला लागले. जाऊबाईंनी ते पाहिलं. “दोन्ही वार धरलेस का गं? वाळून जाशील अशानं.” मी मान डोलावली.

हिने मळमळ नाही, छाती दुखणं नाही. हिचा खोडसाळपणा एकच, काहीजणींची पाळी लांबते. हे मला सांगितलेलं होतं. पण सांगितलेलं आठवायलाही डोकं ठिकाणावर लागतं.

तिसऱ्या महिन्यात, गुरुवारी महालक्ष्म्या आल्या. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, आंबील, पंगतीला चाळीस माणसं. गोळी आठवली ती शनिवारी, मुखवटे पुसून ठेवताना. लगेच घेतली, इथवर बरोबर. सात दिवसांच्या आत आठवली तर घेऊन टाकायची आणि आपले वार तसेच चालू ठेवायचे. सातपेक्षा जास्त दिवस गेले तर पुन्हा पहिल्यापासून, तीन महिने दोनदा. पण चुकल्यावर पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा असतो, ते मी केलं नाही. एका गोळीने काय होतंय!

पितृपंधरवड्यात पाळी यायची ती आली नाही. पाच दिवस, आठ दिवस, बारा दिवस. कॅलेंडरची पाटी माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे. आमच्या ह्यांचं आजवर ‘तुझं तू बघ’ असं होतं, कारण मीच कधी बोलले नव्हते. बाराव्या दिवशी रात्री सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तपासायची पट्टी मिळते ना? मी आणतो.” कोपऱ्यावरचा दुकानदार ओळखीचा, म्हणून दत्त चौकापर्यंत गेले आणि सोबत उगीचच एक बामची बाटली घेऊन आले! सकाळच्या पहिल्या लघवीवर पट्टी लावली. एकच रेघ. काही नव्हतं. तीन दिवसांनी, नवरात्रात पाळी आली.

हे सगळं इथे उघड लिहिताना मला र. धों. कर्वे आठवतात. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी दंड झाला. आपल्याला तर दंडही नाही, तरी आपण शेजारणीला विचारतो आणि डॉक्टरांना नाही.

तेव्हा पाकीट घेण्याआधीच सांगून टाका: रक्तदाब आहे का, बिडी-सिगारेटची सवय आहे का, कावीळ होऊन गेली का, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे का. क्षयाची औषधं चालू असतील तर तेही, कारण त्यातल्या एका औषधाने रोजच्या गोळीचा परिणाम कमी होतो. आपल्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ, तोही सांगा. छायेसाठी आणखी एक, अंडाशयात गाठी असतील तर ती चालत नाही. आणि रोजची गोळी चालू असताना एका पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली, दम लागला, दिसायला कमी झालं किंवा डोकं फुटेलसं दुखलं, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच ह्यांना उठवा.

मागच्या महिन्यापासून माझी एकच गोळी, सोमवारची. परवा जाऊबाई कॅलेंडर पाहून म्हणाल्या, “गुरुवार सोडलास का गं?” या वेळी मी मान डोलावली नाही. साबुदाण्याचा डबा बाजूला केला आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्या बराच वेळ उलटसुलट पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “मला त्या वेळी डोळ्यांपुढे चमकायचं.”