एक आरसा पुरत नाही



परावर्तनाचा पाठ आपण कसा शिकवतो? फळ्यावर एक आरसा, एक स्तंभिका, एक आपाती किरण, एक परावर्तित किरण. दोन्ही कोन समान. नियम वहीत लिहा, पुढे चला. माझं स्पष्ट मत आहे की हा पाठ आपण फार लवकर संपवतो. एकाऐवजी तीन आरसे घ्या, घराच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात तसे एकमेकांना काटकोनात चिकटवा, आणि मग मुलांना त्यात बघायला सांगा.

एक डोळा मिटून कोपऱ्यात बघायचं. डोकं डावीकडे न्या, उजवीकडे न्या, वर करा. उघड्या डोळ्याची बाहुली तिन्ही आरशांच्या सांध्यावरच दिसत राहते. वर्गात एकच गलका होतो बघा! कारण सोपं आहे. पहिला आरसा किरणाची डावी-उजवी दिशा उलटवतो, दुसरा पुढची-मागची, तिसरा वरची-खालची. तिन्ही उलटल्या की किरण ज्या बाजूने आला त्याच बाजूला परत जातो. तो कुठून आला होता याची कोपऱ्याला फिकीर नाही. तुमच्या सायकलच्या मागचं लाल प्लास्टिक हेच करतं. त्यात असे शेकडो बारीक कोपरे असतात.

आता आरशाऐवजी धातूचा पत्रा आणि प्रकाशाऐवजी रडारच्या लहरी घ्या. समुद्रात लाकडी किंवा फायबरची होडी रडारला नीट दिसत नाही. तिच्यावरून फारच थोडी लहर परत येते आणि तीही लाटांवरून येणाऱ्या लहरींत हरवते. कोकण किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्या अशाच आहेत. म्हणून डोलकाठीवर पत्र्याचे काटकोनी कोपरे लावतात. सोलास या आंतरराष्ट्रीय करारातही १५० ग्रॉस टनेजपेक्षा लहान जहाजांनी, शक्य असेल तर, असा परावर्तक किंवा दिसण्याचं दुसरं साधन ठेवावं असं म्हटलं आहे.

कोणी हुशार मूल विचारेल, सरळ सपाट पत्रा का नको? विचारायलाच हवं. ३० सेंटीमीटरचा चौकोनी पत्रा रडारच्या अगदी समोर धरला तर कोपऱ्यापेक्षा जास्त चमकतो. पण तो काही अंश कलला की लहर भलतीकडे जाते. आणि होडी तर सतत डुलते.

पण या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याचं गणित. तीन त्रिकोणी पत्र्यांच्या कोपऱ्याचं 'रडारला दिसणारं क्षेत्रफळ' काढायचं सूत्र असं: ४π गुणिले कडेचा चौथा घात, भागिले तीन गुणिले तरंगलांबीचा वर्ग. जहाजावरच्या नेहमीच्या रडारची तरंगलांबी सुमारे ३.२ सेंटीमीटर. कड ३० सेंटीमीटर घेतली तर उत्तर येतं सुमारे ३३ चौरस मीटर. कोपऱ्याचं तोंड थेट रडारकडे असेल, तर हातात मावणारी ही वस्तू साडेसहा मीटर व्यासाच्या धातूच्या गोळ्याएवढी दिसते. दुमजली घराएवढा गोळा म्हणा ना! आता कड निम्मी करा, १५ सेंटीमीटर. क्षेत्रफळ निम्मं होत नाही, सोळावा हिस्सा होतं, जेमतेम २ चौरस मीटर. चौथा घात म्हणजे काय हे यापेक्षा चांगलं कसं शिकवणार?

हा घात विसरला की काय होतं ते पाहा. ऑगस्ट २००६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला, आइल ऑफ वाइट बेटाजवळ, ऊझो नावाची छोटी शिडाची नौका रात्री बुडाली. तिच्यावरचे तिघेही गेले. प्राइड ऑफ बिल्बाओ या मोठ्या फेरीजहाजाची धडक किंवा त्याच्या लाटांचा तडाखा बसला असावा, असा निष्कर्ष ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागाने काढला. मग त्याच विभागाने बाजारात मिळणाऱ्या परावर्तकांची चाचणी करून घेतली. चार इंच व्यासाची, आत बारीक कोपरे रचलेली नळी त्यात फारच कमी पडली, आणि ती बसवू नये असा सल्ला दिला गेला. नळी सुटसुटीत, स्वस्त, वाऱ्याला न अडणारी. पण आतले कोपरे इतके लहान, की त्यांची संख्या वाढवूनही मोठ्या कोपऱ्याची सर येत नाही. आणि नौका कलली की होतं तेही जातं. विकत घेणाऱ्याला मात्र वाटतं, आपण आता दिसतोय.

"हे परीक्षेत येत नाही," असं काही सहकारी म्हणतील. परावर्तन येतं, घातांक येतात, काटकोन येतो. तिन्ही एका तासात उजळतात आणि खर्च तीन छोट्या आरशांचा. किनाऱ्यावरच्या शाळेत तर हा तास चुकवूच नये असं मला वाटतं. तिथल्या मुलांच्या घरची माणसं रात्री समुद्रात असतात.

पालकांनो, घरी पुठ्ठा आणि स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल घेऊन नमुना करता येईल. तीन चौकोन खाचा पाडून एकमेकांत अडकवले की आठ कोपरे तयार होतात. कोन गुण्याने तपासायला लावा. काटकोन दोन-चार अंशांनी चुकला तरी परत येणारी लहर बरीच घटते. मात्र हा नमुना घरातच राहू द्या. होडीवर कडक धातूचा, मोठ्या कडेचाच परावर्तक हवा. तो टोकावर लटकवायचा नाही. एक खोबण सरळ आकाशाकडे यायला हवी, पावसाचं पाणी साठेल अशी. म्हणजे उरलेल्यांपैकी सहा खोबणी चहूबाजूंना तोंड करून राहतात.