आधी मोजा, मग बदला



मी कलाशाखेचा पदवीधर. वर्गात तुम्हांला भाषा शिकवितो. माझ्यासारख्याने यंत्राविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यातील एका प्रसंगाने मला जे शिकविले, ते भाषेच्या वर्गातही सांगण्याजोगे आहे.

आमच्या शेजारचे एक गृहस्थ दर शुक्रवारी धारगळहून भाजी व नारळ घेऊन आपल्या लहानशा टेम्पोने म्हापशाच्या बाजारास जातात. एका शुक्रवारी पहाटे टेम्पो सुरू होईना. किल्ली फिरविली की नुसता ‘कट’ असा आवाज होई. एका कारागिराने नवी बॅटरी बसविली. पुढे स्टार्टरही बदलला. हजारो रुपये गेले, दोन बाजार बुडाले, आणि दोष होता तेथेच राहिला.

अखेर आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मल्टिमीटर घेऊन आला. त्याने प्रथम बॅटरीचा दाब मोजला. तो १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. मग बॅटरीचे ऋण टोक सोडवून त्याने तेथून इंजिनाच्या अंगापर्यंत अर्थच्या मार्गाचा रोध पाहिला. तोही जवळजवळ शून्य. दुसरा कोणी येथे वायरिंगला निर्दोष ठरवून मोकळा झाला असता. त्याने टोक पुन्हा जोडले, मीटर व्होल्टवर लावला, एक प्रोब बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरा इंजिनावर धरला आणि किल्ली फिरवावयास सांगितले. मीटरने दोन व्होल्ट दाखविले. त्या ठिकाणी अर्धा व्होल्टसुद्धा फार झाला! अर्थची तार जेथे बोल्टाने आवळलेली होती, तेथे खाऱ्या दमट हवेने गंज चढला होता. तो पॉलिश कागदाने घासून बोल्ट आवळताच इंजिन सुरू झाले.

रोध शून्य दिसूनही दोष कसा राहिला? जर्मनीतील गेऑर्ग ओम या शाळाशिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडलेला नियम तुम्ही विज्ञानात शिकता. स्टार्टर सुमारे शंभर अँपिअर प्रवाह ओढीत असेल, तर दोन व्होल्ट भागिले शंभर, म्हणजे अवघा ०.०२ ओम रोध. साध्या मीटरला तो दिसत नाही, कारण रोध मोजताना मीटर अत्यल्प प्रवाह सोडतो. ओढ्यावरील कुजलेल्या साकवावरून एकटा मनुष्य सहज पार होतो; पण डोक्यावर भाताचे पोते घेऊन गेलात की त्याची खरी परीक्षा होते. तारेची परीक्षाही भार असतानाच घ्यावी.

कोणी म्हणेल, आजच्या गाड्यांत संगणक असतो, तोच दोषाचा क्रमांक सांगतो. खरे आहे, परंतु तो क्रमांक बहुधा संशयिताचे नाव असतो, निकाल नव्हे. सेन्सर बिघडला की त्याची तार उंदराने कुरतडली, हे शेवटी मोजूनच ठरवावे लागते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, प्रत्येक माध्यमिक शाळेने काही मल्टिमीटर घ्यावेत व ते कपाटात बंद न ठेवता मुलामुलींच्या हाती द्यावेत. रोध मोजण्यापूर्वी वीज तोडावी, घरातील विजेला शिक्षकांवाचून हात लावू नये, एवढी शिस्त पाळली म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीवर शिकण्यासारखे पुष्कळ आहे. हातांनी केलेले काम बुद्धीचे नव्हे, हा आपल्या सुशिक्षितांचा जुना गैरसमज त्याने दूर होईल.

आणि त्याहून मोठा लाभ असा की, तपासण्यापूर्वी दोष देण्याची सवय सुटेल. निर्दोष बॅटरी बदलली तर पैसा जातो. निर्दोष माणसाला दोष दिला तर जे जाते, ते बाजारात विकत मिळत नाही. मित्रहो, आधी मोजा, मग बदला.